आतली चिठ्ठी

दक्षाने जेवणासाठी शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्या अर्ध्या शटरखालून आधी एक गोधडी आत आली, मग गोधडीला कवटाळलेले दोन हात, आणि शेवटी पावसाने निथळणारा एक माणूस.

“दुकान बंद आहे,” दक्षा म्हणाली.

“अर्धंच बंद आहे,” तो तसाच वाकून म्हणाला. “मीही अर्धाच आत आलोय. सांगाल तर बाहेर उभा राहतो, पण हे आत घ्या. हे भिजलेलं चालणार नाही.”

दक्षाला वाटलं, गोधडीत मूल आहे. तिने घाईने हात पुढे केले, तर त्या मुलाचं वजन चांगलं दहा किलो भरलं. एक बाजू थंडगार, काचेची.

“मॉनिटर आहे,” तो सरळ होत म्हणाला, आणि शटरची कड त्याच्या डोक्याला लागली. “आई गं… म्हणजे, आत्या मॉनिटर म्हणते. मला लहानपणापासून तो टीव्हीच वाटत आलाय. कधीच सिनेमा न दाखवणारा.”

आतल्या बाकावर डबा खात बसलेले तिचे वडील चिमणभाई हसले. “दक्षु, टॉवेल दे सरांना.”

“सर आहे हे कसं कळलं?”

“खिशात लाल पेन आहे ने.”

‘चिमण रेडिओज’ हे डहाणू रोडच्या बाजारातलं जुनं दुकान. चिमणभाईंच्या उजव्या हाताला चार वर्षांपूर्वी कंप सुटला, तेव्हापासून बारीक काम दक्षाच करी. बोर्डीला तिने भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं. पण पिक्चर ट्यूब कशी हाताळायची ते वडिलांकडूनच शिकली. जुने टीव्ही कधीच भंगारात गेले होते. आता बहुतेक मिक्सर येत आणि रिमोट येत. असा मॉनिटर तिने सात-आठ वर्षांत पाहिला नव्हता. गोधडी उलगडताना तिच्या बोटांना जरा घाई झाली, आणि ती घाई त्या माणसाच्या लक्षात आली.

त्याचं नाव तुषार. तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत तो गणित शिकवायचा. मॉनिटर त्याच्या आत्याचा होता. ही आत्या, जिवलीबाई, म्हणजे त्यांच्या पाड्यावरून शिकून शिक्षिका झालेली पहिली बाई. तीस वर्षांपूर्वी एका संस्थेने त्यांना हा संगणक दिला होता. वारली बोलीतले अकराशे चाळीस शब्द त्यांनी पाड्या-पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकून, मराठी अर्थासह त्यात टाइप केले होते. मराठी अक्षरांसाठी त्यात वेगळं कार्ड बसवलेलं होतं. तीच फाइल आजच्या मशीनवर उघडली तर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. नवा पडदाही त्याला जोडता येत नव्हता, पिनाच वेगळ्या.

“शब्द सांगणाऱ्या बाया आता कोणी नाहीत,” तुषार म्हणाला. “आत्याला एकदा सगळं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून तपासायचंय. आणि डोळे…” तो थांबला. “साखरेने डावा गेलाच. उजव्याचं वलसाडचे डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत तरी काळजी नाही.”

बाहेर उभ्या इको गाडीतून त्याने संगणकाचा डबाही आणला. दक्षाने जोडणी केली. पडदा हळूहळू तापला आणि मधोमध एकच आडवी रेघ उमटली. झळझळीत, नारिंगी, केसासारखी बारीक.

“हे असंच होतं,” तुषार म्हणाला. “वरून थाप मारली की कधी कधी नीट दिसतं. दोन मिनिटं. की पुन्हा रेघ.”

दक्षाने पटकन ब्राइटनेस कमी केला, नाही तर ती रेघ काचेवर कायमची भाजली गेली असती. “अक्षरं आहेत,” ती म्हणाली. “सगळी आहेत. फक्त उभा ताण मिळत नाहीये, म्हणून एकावर एक दाबली गेलीत.”

“अकराशे चाळीस?”

“एका वेळी एक पान.”

तिने मॉनिटर बंद केला, मागचं झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हरला बांधलेली वायर पत्र्याला लावली आणि ट्यूबमधला साठलेला करंट उतरवला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. डावा हात तिने पाठीमागे धरला होता.

“दुसऱ्या हाताला काय झालं?”

“काही नाही. दोन्ही हात आत घातले आणि कुठे करंट राहिलेला असला, तर तो छातीतून जातो. म्हणून एक हात पाठीमागे.”

“म्हणजे काळजाची काळजी.”

“हृदयाची,” दक्षाने दुरुस्त केलं.

“मराठीत एकच ना ते?”

“तुम्ही गणित शिकवता म्हणालात.”

तो मोकळेपणाने हसला. शनिवारी शाळा सकाळची असते, पुढच्या शनिवारी येतो, म्हणाला आणि शटरखालून बाहेर गेला. अर्ध्या मिनिटात परत आला. गोधडी राहिली होती. गेला. पुन्हा आला.

“आता काय राहिलं?”

“तुमचं नाव.”

“दक्षा.”

“हां. मग आता काही राहिलं नाही,” तो म्हणाला, आणि तरी चार क्षण तिथेच उभा राहिला.

तो गेल्यावर पंधरा मिनिटांत दक्षाला बिघाड सापडला.

तिने मॉनिटर चालू ठेवून, प्लास्टिकच्या विणकामाच्या सुईने एकेक भाग हलकेच ठोकून पाहिला. उभा ताण देणाऱ्या आयसी चिपच्या पाचव्या पायाला सुई लागताच रेघ उघडली, फुगली, आणि चोवीस ओळींचं पान पडद्यावर उभं राहिलं. पायाभोवती जोड धरून ठेवणाऱ्या सोल्डरला बारीक गोल चीर गेली होती. बस, एवढंच. थेंबभर सोल्डरचं काम.

चिमणभाईंचा एक नियम होता. दोष सापडला की सोल्डरिंग आयर्नला हात लावायच्या आधी चिठ्ठी लिहायची, तारीख घालायची आणि झाकणाच्या आतून चिकटवायची. पुढे केव्हातरी दुसरा कारागीर तो सेट उघडेल, त्याला खरं काय ते कळायला हवं. लिहायचं उद्यावर टाकलं की डोकं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतं, असं ते म्हणत. दक्षाने चिठ्ठी लिहिली. ‘२४ ऑगस्ट. व्हर्टिकल आयसी, पाय ५. सोल्डर सुटलं आहे.’ ती चिकटवली. आयर्न तापलं होतं. त्याच्या टोकाशी धुराची बारीक वेल उठत होती.

मग तिने आयर्न स्टँडवर परत ठेवलं.

दिवाळीला अडुसष्ट दिवस होते. तिने मोजले. तीन-चार शनिवार गेले तरी चाळीस उरतात. आज दुरुस्त केला तर पुढच्या शनिवारी तो येईल, मॉनिटर गोधडीत गुंडाळील आणि जाईल. रेडिओ दुरुस्तीला आलेली माणसं परत येत नाहीत. चांगलं काम केलं तर मग मुळीच नाही.

“सापडलं?” चिमणभाईंनी विचारलं.

“बघतेय,” दक्षा म्हणाली. वडिलांशी ती कामाबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलली.

पुढच्या शनिवारी पाऊस धो धो होता. दमट हवेने जाड वायरीपाशी तडतड आवाज येत होता. दक्षाने तो त्याला ऐकवला. “हवा कोरडी झाल्याशिवाय नीट कळणार नाही,” ती म्हणाली. तडतड खरी होती. तिचा रेघेशी संबंध नव्हता.

“म्हणजे पाऊस तुमच्या बाजूने आहे,” तुषार म्हणाला.

दक्षा दचकली. “माझ्या?”

“मॉनिटरच्या. तुम्ही का घाबरलात?”

तिने सुईने हलकेच ठोकलं. पान उघडलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि त्याने वहीचा पुठ्ठा पडद्याच्या डाव्या बाजूला धरला, शब्द झाकून.

“अर्थ वाचा. मी आमचा शब्द सांगतो. चुकलो तर चहा माझ्याकडून.”

“‘भाताच्या लोंबीत दूध भरायच्या आधीचा रंग’,” दक्षाने वाचलं. “याला शब्द आहे?”

“आहे. मला येत नाही. चहा मागवा.”

“‘नवीन सून पहिल्यांदा एकटी पाणी आणायला जाते ती वाट’.”

“हाही येत नाही. आत्याला सांगू नका हं.”

“तुम्हाला काय येतं, मास्तर?”

“पाढे,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि तेवढ्यात पान मिटून रेघ झाली. दोघंही त्या रेघेकडे बघत राहिले. दुकानात चहाचा वास होता, ओल्या छत्रीचा वास होता. त्याच्या कोपराचा तिच्या कोपराला स्पर्श झाला होता आणि कोणीच तो काढून घेत नव्हतं.

“फोटो काढून ठेवतो पानांचे,” तो म्हणाला. “तेवढंच काम पुढे.” त्याने मोबाइल धरला. फोटोत काळे आडवे पट्टे आले.

“या पडद्याचे फोटो असेच येतात,” दक्षा म्हणाली. मोबाइलमधली एक सेटिंग बदलली की पट्टे जातात, हे तिला माहीत होतं. ती बोलली नाही.

गणपतीच्या दिवशीही शनिवार होता. तो येईल असं तिला वाटलं नव्हतं, तरी तिने शटर पूर्ण वर ठेवलं होतं. तो आला. शेतातल्या लांबोड्या काकड्या पिशवीत घेऊन. तिने मोदकांचा डबा पुढे केला.

“मॉनिटर कसा आहे?” त्याने तिसरा मोदक खाताना विचारलं.

“तुम्ही मॉनिटरला भेटायला आलात?”

“नाही तर काय. त्याच्यासाठीच तर काकड्या आणल्या.”

त्या दिवशी त्याला तिने झाकण उघडायला शिकवलं. चार स्क्रू, करंट कसा उतरवायचा, मागचं सॉकेट कुठे असतं. चिठ्ठी चिकटवलेली बाजू तिने स्वतःकडे वळवून धरली. तो डावा हात पाठीमागे घेऊन इतक्या शिस्तीत उभा राहिला, की चिमणभाईही हसले.

“दमट हवा अजून आहे का?” तुषारने निघताना विचारलं.

“आहे.”

“बरं आहे,” तो म्हणाला. आणि नेहमीसारखा दाराशी रेंगाळला.

चौदा सप्टेंबरला ते शेवटाकडची पानं बघत होते. नुकतीच रेघ झाली होती आणि दक्षा सुई उचलणार, तेवढ्यात टेबल खालून कोणी ढकलल्यासारखं हललं. वर टांगलेला बल्ब झुलू लागला, काउंटरवरचे स्क्रू किणकिणले. तलासरीकडच्या माणसाला भूकंपाच्या अशा धक्क्यांची सवय असते. डोक्याआधी पाय उठतात. तुषारने तिचं मनगट धरलं आणि दोन पावलांत तिला शटरपर्यंत आणलं. धक्का तेवढाच होता. बाजारातली माणसं रस्त्यावर आली, एकमेकांना बघून हसली आणि परत आत गेली. त्याने मनगट सोडलं नव्हतं.

“बघा,” तो हळूच म्हणाला.

धक्क्याने पडदा आपला आपण उघडला होता. दुरून शब्दांची रांग अंधूक दिसत होती, पण उजवीकडचा एक अर्थ दक्षाने वाचला. ‘जायला निघून पुन्हा पुन्हा दारात थांबणारा पाहुणा.’

“हा शब्द तरी येत असेल,” ती म्हणाली.

“शब्द येत नाही,” तुषार म्हणाला. “काम येतं.”

पान मिटलं. त्याचा हात मात्र तिथेच होता. दक्षाला त्या वेळी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, की हा मॉनिटर दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता करते, तुम्ही बसा. पुढे कितीदा तरी तिने ती दुपार आठवली. पण तेव्हा वाटलं, सत्तेचाळीस दिवस आहेत अजून. पुढच्या शनिवारी करू.

पुढच्या शनिवारी तो आला नाही.

दक्षा दिवसभर शटरकडे पाठ करून बसली, म्हणजे वाट बघतेय असं कोणाला वाटायला नको. फोन तिने केला नाही. का करायचा, गरज त्याला आहे. सोमवारी त्याचाच आला.

“मॉनिटरची आता घाई नाही,” तो म्हणाला. आवाज सपाट होता. “गुरुवारी आत्याच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. वलसाडला होतो. डॉक्टर म्हणतात, एवढं लवकर होईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. आता फक्त उजेड-अंधार कळतो.”

फोन ठेवून दक्षा उठली, आयर्न लावलं, झाकण काढलं. जुनं सोल्डर काढून नवं भरलं. रेघ उघडली आणि उघडीच राहिली. थाप मारली, हलवला, तासभर चालू ठेवला. पान जागचं हललं नाही. मग हाताच्या सवयीने तिने चिठ्ठीवर दुसरी ओळ लिहिली. ‘२३ सप्टेंबर. सोल्डर केलं. वेळ: १२ मिनिटं.’

चिमणभाई मागे उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. पहिली तारीख वाचली, दुसरी वाचली.

“दक्षु, पहिली फाडून नवी लावायची असेल तर आत्ताच लाव,” ते म्हणाले. “मी बघितलं नाही, समज.”

तिने कोरा कागद घेतला. त्यावर २३ सप्टेंबर लिहिलं. खाली बिघाड लिहिला. मग तो कागद चुरगळून टाकला आणि जुनीच चिठ्ठी ठेवून झाकण लावलं.

शनिवारी ती मॉनिटर आणि संगणकाचा डबा घेऊन रिक्षाने स्वतः गेली. आशागड मागे पडल्यावर रस्ता चढू लागला. दोन्ही बाजूंनी भात पोटरीला आलेलं. तुषार पाड्याच्या तोंडाशी उभा होता. दाढी वाढलेली. त्याने गोधडीतलं ते ओझं तिच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि म्हणाला, “तुम्ही आलात ते बरं केलंत.” ते दक्षाला फार लागलं.

जिवलीबाई ओट्यावर बसल्या होत्या. बारीक, ताठ, पांढरं पातळ. “मॅडम आल्या का? या. हा तुमच्याबद्दल इतकं बोलतो, की मला वाटलं शाळा सुटली याची.”

आत तुषारने जोडणी केली. पडदा लागला नाही. रस्त्याने काहीतरी हललं होतं.

“मी बघतो,” तो दक्षाला म्हणाला. “शिकलोय ना. तुम्ही पाणी घ्या.”

दक्षाच्या हातात तांब्या होता. चार स्क्रू तिने कानांनी मोजले. टक् आवाज ऐकला. वळून पाहिलं तेव्हा तो डावा हात पाठीमागे धरून वाकला होता आणि उजव्या हाताने त्याने सॉकेट दाबून बसवलंही होतं. पण तो उठत नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघत होता.

“इथे तारीख चुकलीय का?” त्याने विचारलं. “चोवीस ऑगस्ट लिहिलंय. मी पहिल्यांदा आलो तो दिवस.”

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. त्याचा चेहरा ते ऐकायला तयारही होता.

“नाही,” दक्षा म्हणाली. “तारीख बरोबर आहे.”

“आणि खाली… तेवीस सप्टेंबर. बारा मिनिटं.”

“हो.”

“मग मधे काय होतं?”

“शनिवार होते,” दक्षा म्हणाली. “तुम्ही येत होता ते.”

बाहेर कोंबडी पिलांना बोलावत होती. मग तुषार जमिनीवरच बसला.

“दुरुस्त झाला असता तरी मी आलो असतो,” तो म्हणाला. पहिल्यांदाच तो ‘तू’ म्हणाला. “तुला एवढं कळलं नाही, दक्षा? रेडिओ घेऊन आलो असतो. मिक्सर घेऊन आलो असतो. काहीच नसतं तर काकड्या घेऊन आलो असतो.”

तो उठून मागच्या दाराने शेताकडे निघून गेला.

दक्षा ओट्यावर गेली. जिवलीबाईंच्या समोर बसली आणि प्रयोगवहीत लिहितात तसं सगळं क्रमाने सांगितलं. तारीख, बिघाड, फोटो, दिवाळीचा हिशोब. एकही शब्द मऊ केला नाही. जिवलीबाई ऐकत होत्या. तोंड तिच्याकडे, डोळे तिच्या खांद्यावरून कुठेतरी.

“मला पडद्यासमोर ने,” शेवटी त्या म्हणाल्या.

दक्षाने हात धरून नेलं. बटण दाबलं. पडदा लागला, चोवीसच्या चोवीस ओळी स्थिर. जिवलीबाईंनी चेहरा अगदी काचेजवळ नेला. नारिंगी उजेड त्यांच्या सुरकुत्यांवर पसरला.

“उजेड आहे,” त्या म्हणाल्या. बोटं काचेवरून डावीकडून उजवीकडे फिरली, ओळ लागल्यासारखी. “काच गुळगुळीत आहे. पूर्वीसारखीच.” मग त्या मागे सरकून बसल्या. “शनिवार तू घेतलेस ना? मग शनिवारीच परत कर. ये आणि वाचून दाखव. चुकलीस की थांबवीन.”

दक्षा जात राहिली. दिवाळीतला एक शनिवार सोडला तर दर शनिवारी, तलासरीच्या एसटीने. ती अर्थ वाचायची, शब्द अडखळत वाचायची. जिवलीबाई तो नीट म्हणून दाखवायच्या, कुठे अर्थ बदलायला सांगायच्या, दक्षा तो टाइप करायची. सुरुवातीला तुषार त्या वेळी घरात थांबत नसे. मग ओट्यावर बसून वह्या तपासू लागला. मग एकदा चहाचा कप तिच्या कीबोर्डशेजारी ठेवून गेला. भात कापून झालं. खळ्यांवर पेंढ्या रचल्या गेल्या. एका संध्याकाळी तो तिला एसटीपर्यंत सोडायला आला.

“मला राग नाही आता,” तो म्हणाला. “आणि प्रेम नाही, असंही नाही. ते तर…” त्याने वाक्य सोडून दिलं. “पण आत्या सकाळी भिंतीला हात लावत ओट्यावर येते ना, तेव्हा मी मोजायला लागतो. एकतीस ऑगस्ट, सात सप्टेंबर, चौदा…”

“मीही मोजते,” दक्षा म्हणाली.

“ते माहीत आहे मला. म्हणूनच तर. दोघंही मोजत बसलो तर बोलणार कधी?”

एसटी आली. ती चढली.

चौदा डिसेंबरला शेवटचं पान आलं. शेवटून तिसरा अर्थ दक्षाने वाचला. ‘जायला निघून पुन्हा पुन्हा दारात थांबणारा पाहुणा.’ या वेळी शेजारचा शब्दही समोर होता. तिने तो वाचला. तोंडात गोटी फिरवावी तसा छोटा, गोल शब्द. ओट्यावर वही उलटल्याचा आवाज थांबला. जिवलीबाई म्हणाल्या, “पुढे.” आणखी दोन शब्द झाले, आणि अकराशे चाळीस पूर्ण झाले.

दक्षाने मॉनिटर बंद केला. जिवलीबाईंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. तुषार निरोप द्यायला आत आला होता. ती चपला घालून बाहेर ओट्यावर, तो आत उंबऱ्याशी.

“काही झालं तर दुकान आहेच,” ती म्हणाली.

“होणार नाही काही. जोड पक्का आहे. मी बघतो अधूनमधून.”

“हो.”

“हो.”

ओट्याच्या कडेला मांजर झोपलं होतं. दोघंही त्याच्याकडे बघत होते.

“गेली का रे ती?” आतून जिवलीबाईंनी विचारलं.

त्यांनीच उत्तर दिलं.

“नाही गेली. चपला वाजल्या नाहीत.” मग वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तशा त्या म्हणाल्या, “आणि तूही हललेला नाहीस. मग तो शेवटून तिसरा माझा चुकलाय. पाहुणा एकटा नाही थांबत. दारात दोघं थांबतात, आतला आणि बाहेरचा. तीस वर्षं अर्धंच लिहून ठेवलं मी. तुषार, दुरुस्त कर ते.”

तुषारने दक्षाकडे पाहिलं. मग तो आत वळला. बटणाचा आवाज आला. पडदा तापायला वेळ घेत होता. मग दारातून दिसणारी मातीची भिंत हळूहळू नारिंगी झाली. रेघ नव्हती. पूर्ण पान होतं.

तो उभ्यानेच टाइप करू लागला. एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर शोधत. डावा हात त्याने पाठीमागे धरला होता.

कीबोर्डमध्ये तसा करंट नसतो, तिथे दोन्ही हात चालतात, हे त्याला सांगायला हवं होतं. शिकवताना तेवढं राहून गेलं होतं. दक्षा ओट्यावर उभी राहिली, त्याची ओळ पूर्ण होईपर्यंत. शेवटच्या अक्षरावरून बोट उठलं तेव्हा ओट्यावरून उतरताना तिच्या चपला वाजल्या.